साताऱ्याहून सांगली : एका अंशाचे अंतर

सातारा आणि सांगली यांच्यामधले हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली की ही रेषा क्षणात निघते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून ती आग्नेयेला उतरते आणि कृष्णेच्या काठी गणपती मंदिराच्या आसपास येऊन थांबते. या रेषेत खिंड येत नाही, टोलनाका येत नाही, उसाच्या ट्रॉल्यांमागे रेंगाळणे येत नाही. विमानाचे अंतर मोजायची रीत हीच आहे: पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड वाट धरायची, खाली काय आहे ते पाहायचे नाही.

हेच अंतर वैमानिकांच्या मापात मांडले तर एक सुंदर योग जुळून येतो. पृथ्वीच्या महावर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, आणि एका कलेएवढे पृथ्वीवरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटरचा. साठ सागरी मैल म्हणजे १११ किलोमीटर. सातारा ते सांगली ही रेषा जवळजवळ तेवढीच आहे; पृथ्वीच्या गोलाचा एक अंश या दोन शहरांनी आपल्यात वाटून घेतला आहे. खलाशांनी समुद्रावर वापरलेले हे माप आकाशाने जसेच्या तसे उचलले, आणि समुद्राचा वाराही न लागणाऱ्या या मुलखालाही ते चपखल बसते.

रेषेखालचा मुलूख मात्र पट्टीसारखा सपाट नाही. साताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, सांगलीची साडेपाचशेच्या. एवढा उतार ही रेषा हळूहळू उतरते. डावीकडे कृष्णा-वेण्णेचा संगम आणि माहुलीची देवळे राहतात. पुढे मसूरचे शिवार येते. उजव्या हाताला सदाशिवगड आणि त्यामागे कराड. मग कुंडलच्या डोंगरांजवळून रेषा किर्लोस्करवाडीवर येते, तिथून भिलवडीच्या काळ्या मळ्यांकडे. कृष्णा तिला साताऱ्याजवळ आडवी जाते, मग पश्चिमेला सरकून लांबूनच सोबत करते आणि भिलवडीच्या सुमारास पुन्हा जवळ येते. घाटमाथ्याचा पाऊस मागे पडत जातो, लाल माती काळी होत जाते, भाताच्या जागी ज्वारी, ज्वारीच्या जागी ऊस आणि उसाच्या पलीकडे हळद आणि द्राक्षे. विमानातून हे सारे बदल काही मिनिटांत दिसून संपतील. बैलगाडीच्या काळात ते पाहायला दोन-तीन मुक्काम पडत.

सूर्यालाही या रेषेवर वेळ लागतो. सांगली साताऱ्याच्या पूर्वेला अर्ध्या अंशाहून थोडी अधिक आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून सांगलीची खरी माध्यान्ह साताऱ्याच्या माध्यान्हीपूर्वी सव्वादोन मिनिटांहून किंचित अधिक आधी होते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ ठरली आणि घड्याळांपुरता हा फरक मिटला. उन्हात रोवलेल्या काठीच्या सावलीत तो अजून तसाच आहे. या वाटेवरचा सर्वांत जलद प्रवासी सूर्यच. त्याच्या वेळेच्या जवळपासही कोणतेही प्रवासी विमान फिरकणार नाही.

विमानाच्या वेळेचा हिशेब करताना अंतर भागिले वेग एवढेच धरले तर तो फसतो. मोठी जेट विमाने उंच आकाशात ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे जातात. त्या वेगाने ११० किलोमीटरला आठ मिनिटे पुरतील. पण विमानाला धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचे असते, परवानगीची वाट पाहायची असते, चढायचे असते आणि चढून होण्याआधीच उतरायला लागायचे असते. म्हणून ढोबळ हिशेबात उड्डाण आणि उतरणे यांसाठी अर्धा तास वेगळा धरतात. आठ मिनिटांची वाट अशी अडतीस मिनिटांची होते. त्यातही अशा छोट्या पल्ल्यावर जेटला आपला वेग गाठताच येणार नाही. पंख्याचे एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास जाते. एका इंजिनाचे चार आसनी प्रशिक्षण विमान सव्वादोनशेच्या. त्या छोट्या विमानाला हा एक अंश ओलांडायला साधारण अर्धा तास लागेल. अंतर जितके कमी, तितका जमिनीवरच्या तयारीचा वाटा मोठा. छोट्या उड्डाणांचा हा नियम आहे, आणि त्याची खरी परीक्षा बेटांवर होते.

बेटाला बेट विमानाने जोडावे लागते, कारण मध्ये पाणी असते आणि पाण्यावर रस्ता नसतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये १९६७ पासून नियमित विमान जाते. अंतर तीन किलोमीटरहूनही कमी, वेळापत्रकातली वेळ दोन मिनिटे. वारा मागून असेल तर एका मिनिटाच्या आतही ते पोहोचले आहे. सूर्याला सांगलीहून साताऱ्याला यायला लागतो त्याहूनही हा वेळ कमी. दुसऱ्या टोकाला मॉरिशस आणि रॉड्रिग्ज. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून करारावर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. त्या बेटाहून रॉड्रिग्जला जायचे म्हणजे हिंदी महासागरावरचे सहाशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर एटीआर विमानाने सुमारे दीड तासात कापायचे. जहाजाला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. घरी आजारी माणूस असेल तर हा दीड तास आणि तो दिवस यांतला फरक काय असतो, हे बेटावरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या देशात लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर जेमतेम बाराशे मीटरची धावपट्टी आहे. दोन्ही टोकांना समुद्र. बेट संपते तिथे धावपट्टी संपते. एवढ्याच लांबीची, किंबहुना थोडी अधिकच, एक धावपट्टी कराडजवळ वारुंजीच्या शिवारात आहे. तिच्या टोकांना समुद्र नाही, शेते आणि वस्ती आहे. पण ती लांबवायचा प्रश्न अगत्तीइतकाच अवघड ठरला आहे, कारण पिकती जमीनही सहजासहजी सरकत नाही. १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले त्या काळात ही धावपट्टी बांधली गेली. अभियंते, तज्ज्ञ आणि मंत्री यांना मुंबईहून लवकर पोहोचता यावे, हा तिचा हेतू. धरण १९६४ च्या सुमारास पूर्ण झाले आणि धावपट्टी मागे उरली. पुढे नेतेमंडळींची छोटी विमाने तिथे उतरत राहिली, वैमानिकांचे प्रशिक्षण तिथे झाले. यशवंतराव चव्हाणांचे गाव म्हणून कराडला दिल्लीहून, मुंबईहून येणाऱ्यांची कमतरता कधी नव्हती. तिकीट काढून बसणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला मात्र ही धावपट्टी आली नाही.

दुसरी धावपट्टी सांगलीपासून थोड्या अंतरावर, तासगावच्या बाजूला कवलापूरला आहे. ती वापरात नाही. तिथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची मागणी जुनी आहे, आणि ती मागणी करणाऱ्यांत व्यापारी, हळदीचे आणि बेदाण्याचे अडते, विद्यार्थ्यांचे पालक, सगळेच आहेत. कराडची धावपट्टी आणि कवलापूरचा माळ यांच्यात सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. चार आसनी विमानाला ते सोळा-सतरा मिनिटांचे. ही वेळ कागदावरच काढता येते, कारण या दोहोंमध्ये कोणी तिकीट विकत नाही. कृष्णेच्या एकाच खोऱ्यातल्या या दोन मोकळ्या पट्ट्या, भोवती हिरवा ऊस, आणि त्या उसात त्या दोन बेटांसारख्या सुट्या पडलेल्या. समुद्रातल्या बेटांना निदान विमान जोडते. इथे विमानाचीच सोय असलेल्या जागा विमानाने जोडलेल्या नाहीत. धावपट्टी म्हणजे पोहोचणे नव्हे, हे या दोन जागांइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

म्हणून विमानाने जायचे झाले की सातारकर आणि सांगलीकर एकमेकांकडे पाठ करून निघतात. साताऱ्याचा माणूस उत्तरेला खंबाटकी घाट उतरून पुण्याच्या लोहगावला जातो. सांगलीचा माणूस नैर्ऋत्येला कोल्हापूरच्या उजळाईवाडीला. उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. संस्थानाने आपल्या राजधानीसाठी विमानतळ बांधावा ही तेव्हा मोठी दूरदृष्टी होती. मधल्या काळात तिथली प्रवासी सेवा अनेकदा बंद पडली आणि २०१८ साली उडान योजनेत ती पुन्हा सुरू झाली. साताऱ्याहून सांगलीला विमानाने जायचेच म्हटले तर आधी शंभराहून अधिक किलोमीटर मागे पुण्याला जायला हवे आणि कोल्हापूरला उतरून पुन्हा पन्नास किलोमीटर सांगलीकडे यायला हवे. एका अंशाची वाट अशी दिवसभराची होते. अर्थात असा प्रवास कोणी करत नाही.

लोक जातात ते रेल्वेने आणि रस्त्याने. रेल्वेमार्गाचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि ते सरळ रेषेच्या इतके जवळ आहे की रूळ टाकणाऱ्यांच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग मीटर गेजवर सुरू झाला, १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. साताऱ्याचे स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या अंगाला आहे, कराडचे ओगलेवाडीला; त्यामुळे गाडीतला वेळ आणि घरापासून घरापर्यंतचा वेळ यांत रिक्षाचा एक हिशेब मिळवावा लागतो. कोयना एक्सप्रेससारख्या गाड्यांना साताऱ्याहून सांगलीला दोन-अडीच तास लागतात. एसटीला कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा या वाटेने तीनच्या आसपास. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की त्याहून अधिक.

किर्लोस्करवाडीचे स्टेशन पूर्वी कुंडल रोड या नावाने होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड माळावर आपला कारखाना उभा केला, तो याच रुळांच्या भरवशावर. नांगर बनवायचे तर लोखंड आणि कोळसा यायला हवा, तयार नांगर जायला हवेत. त्या माळाचे मोल त्याच्या मातीत नव्हते, रेल्वेपासूनच्या त्याच्या अंतरात होते. तीसएक वर्षांनी याच पट्ट्यात वेगळेच चालणे सुरू झाले. नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे लोक १९४३ नंतर या गावांतून त्या गावांत रात्री पायी जात. पोलिसांच्या गाड्या रस्त्याने फिरत आणि हे लोक बांधाबांधाने. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली. त्या काळात या भागातले अंतर रात्रींत मोजले जाई: एका रात्रीत उजाडण्यापूर्वी जिथे पोहोचता येईल ते जवळ, बाकीचे लांब.

तेव्हा संस्थानांचा भाग सोडला तर हा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी साताऱ्याला जावे लागे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, त्यात सांगली, मिरज यांसारख्या संस्थानांचा मुलूख आला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. संस्थाने विलीन झाली हे या बदलाचे मोठे कारण. पण कचेरीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळही त्यात आहेच. चतकोर जमिनीच्या दाव्यासाठी दोन दिवस मोडणाऱ्या शेतकऱ्याला नवे ठाणे निम्म्या वाटेवर आले.

खरे पाणी आणि खरी बेटासारखी गावे पाहायची तर साताऱ्याच्या पश्चिमेला जावे लागते. कोयना धरणाच्या पाण्याने सह्याद्रीच्या पोटात सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर तयार केला. नदीकाठची गावे पाण्यात गेली, माणसे लांबच्या जिल्ह्यांत जाऊन वसली, आणि जी डोंगराच्या अंगावर होती ती तिथेच उरली. पूर्वी ज्या नदीतून उन्हाळ्यात चालत पलीकडे जाता येई, तिथे आता लाँच लागते. बामणोली आणि तापोळा ही या पाण्याची बंदरे. वासोट्याला जाणारे पर्यटक बामणोलीहून लाँचने निघतात, आणि त्यांना तो प्रवास सुखाचा वाटतो. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या अकल्पे, लामज, शिंदी अशा गावांना तोच प्रवास दवाखान्याचा, तहसीलचा आणि बाजाराचा असतो. जीप आणि मोटरसायकली तराफ्यावरून पलीकडे नेतात. पाण्यावर दाट धुके उतरले किंवा पावसाळी वारा सुटला की लाँच थांबते. मग रस्त्याने जायचे तर रघुवीर घाट उतरून कोकणात खेडकडे जावे लागते, म्हणजे आपल्याच तालुक्याला पोहोचण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून फिरून यायचे. सरळ रेषेत हाकेच्या टप्प्यात असलेले गाव असे अर्ध्या दिवसाच्या पल्ल्यावर जाते.

या जलाशयाच्या काठावरच्या दरे गावी अलीकडे हेलिकॉप्टरही उतरते. एकनाथ शिंदे यांचे ते मूळ गाव. मुंबईहून तिथे आकाशातून तासाभरात येता येते हे त्यामुळे सिद्ध झाले आहे. बाळंतपणाच्या वेणा सुरू झालेल्या बाईला पलीकडच्या काठाहून तापोळ्यापर्यंत आणायला किती वेळ लागतो, हा प्रश्न त्याच पाण्यावर आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. पूल होतील, होत आहेत. तोवर लाँचवाल्याचा फोन लागणे हीच इथली सर्वांत जलद सेवा.

शिवसागराच्या पाण्याची आपली स्वतंत्र वाट आहे. धरणाच्या दरवाजातून निघालेली कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भेटते, आणि तिथून दोघी पूर्वेला वळून सांगलीकडे निघतात. ही वाट सरळ रेषेची नाही. नदी मळ्यांना वळसे घालते, डोहांत थांबते, बंधाऱ्यांवर अडते. आज धरणातून सोडलेले पाणी उद्या-परवा सांगलीच्या घाटाला लागते. पावसाळ्यात हा अवधी सांगलीच्या दृष्टीने कोणत्याही गाडीच्या वेळापत्रकाहून मोलाचा असतो, कारण सामान माळ्यावर चढवायला, जनावरे उंचावर न्यायला, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोहोचवायला तेवढाच वेळ हाती असतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरली जाते. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. कृष्णाकाठची गावे एकमेकांपासून तुटली, आणि ज्या मुलखात कधी समुद्र नव्हता तिथे खरोखर बेटे झाली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, भिलवडीपासून जवळच, लोकांना बाहेर काढणारी बोट ८ ऑगस्टला उलटली आणि त्यात अनेकांचा जीव गेला. कोरड्या दिवसांत त्या गावातून बाहेर पडणे काही मिनिटांचे काम आहे. साताऱ्याहून सांगलीकडे ओढलेली सरळ रेषा त्या गावाजवळूनच जाते.

तेव्हापासून पावसाळ्यात सांगलीतली माणसे वरच्या अंगाची बातमी अधिक लक्षपूर्वक ऐकतात. आधी कोयनेचा विसर्ग किती, धोम आणि कण्हेरमधून किती सोडले, ते पाहतात. मग पुलापुलावरचे आकडे येतात. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन. एका ठिकाणी पातळी फुटाने वाढली की पुढच्या ठिकाणी ती किती तासांनी वाढेल, याचा अंदाज काठावरच्या जुन्या माणसांना असतो, आणि तो अनेक पुरांच्या अनुभवातून आलेला असतो. आयर्विनपाशी आकड्यांची ही यादी संपत नाही. पुढे अंकली येते, म्हैसाळचा बंधारा येतो, शिरोळच्या सीमेवरचा राजापूर बंधारा येतो, आणि तिथून पाणी कर्नाटकात अलमट्टी धरणाच्या दिशेने निघते. तिथल्या फुगवट्याची चौकशीही सांगलीत रोज होते.